‘रील बघणं म्हणजे कष्ट नव्हेत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मोबाइलवर रील बघणं हेही कामच आहे आणि त्यातून मार्क्स म्हणतो तसं शोषण होतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. त्यातले आक्षेप तीन. 1867 साली वाफेच्या गिरण्या बघून मार्क्सनं लिहिलेलं अर्थशास्त्र मोबाइलला लावणं ही ओढाताण आहे. फुकटची सेवा आपण राजीखुशीनं वापरतो, त्यात शोषण कसलं? आणि एकट्या माणसाच्या डेटाला कवडीचं मोल नसतं, मोल येतं ते इंजिनिअरांमुळे.

दुसऱ्या आक्षेपात तुमचं बरोबर आहे. मागच्या लेखात मी रील बघणारा आणि डेटाला लेबलं लावणारा, दोघांना एकाच दावणीला बांधलं. टीव्हीवाले जाहिरातदारांना प्रेक्षकच विकतात, त्यामुळे बघणं हेही एक कामच आहे, असं माध्यमांचे अभ्यासक डॅलस स्माइथ यांनी 1977 मध्ये मांडलं होतं. मी त्या वाटेनं गेलो. पण मार्क्सच्या हिशेबात कामगार म्हणजे आपली श्रमशक्ती मजुरीवर विकणारा. रील बघणारा ती विकतच नाही, मग त्याच्याकडून वरकड मूल्य, म्हणजे मजुरीपेक्षा जास्तीचं जे मालकाच्या खिशात जातं ते, निघतं असं कसं म्हणायचं? तिथे जमिनीच्या खंडाची भाषा चपखल बसते. रान ज्याच्या नावावर, तो स्वतः न पेरता खंड घेतो. माणसांचा राबता जिथे आहे ती जागा ज्याच्या ताब्यात, तो जाहिरातदाराकडून वसूल करतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटा कंपनीच्या 2023 च्या उत्पन्नात 97 टक्क्यांहून जास्त वाटा जाहिरातींचाच होता.

पहिला आक्षेप मात्र मला अजिबात मान्य नाही.

माझी मावसबहीण सोलापुरात घरी बसून फोटोंवर चौकोन काढते. संगणकाला वस्तू ओळखायला शिकवण्यासाठी असे फोटो लागतात; डेटाला लेबलं लावणं म्हणतात ते हेच. रस्त्याचा फोटो येतो. त्यातली प्रत्येक रिक्षा, सायकल, माणूस, गाय माऊसनं घट्ट चौकोनात बसवायची. मी शेजारी बसलो होतो तेव्हा बसच्या मागून रिक्षाचा नुसता आरसा आणि हूडचा कोपरा दिसत होता. दिसतंय तेवढ्यालाच चौकोन करायचा की झाकलेली रिक्षा अंदाजानं धरायची, यावर तिनं बराच वेळ घालवला. तो फोटो नापास झाला. कारण दिलेलं नव्हतं, पैसेही नाहीत. पण तिनं काढलेले बाकीचे चौकोन काही तिला परत मिळाले नाहीत.

त्याच घरात माझ्या मावशीनं उभी हयात विड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात पान, तंबाखू, सूत. मजुरी हजार विड्यांमागे. कारखान्यात विड्या मोजताना नापास म्हणून मूठमूठ बाजूला काढायचे. त्यांचे पैसे नाहीत आणि त्या विड्याही परत नाहीत. बहिणीची तक्रार ऐकून मावशी एवढंच म्हणाली, “आमचंबी असंच होतं की गं.”

नगावरच्या मजुरीवर मार्क्सनं ‘भांडवल’ या त्याच 1867 च्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात अख्खं प्रकरण लिहिलंय. मजुरी नगावर दिली की मुकादमाची गरज फारशी उरत नाही, कामाच्या दर्जावर आणि वेगावर मजुरीची पद्धतच लक्ष ठेवते, असं तो सांगतो. मधल्या दलालांचं फावतं, हेही तिथेच आहे. आता ॲमेझॉनचं 2005 साली सुरू झालेलं मेकॅनिकल टर्क बघा, म्हणजे बारीकसारीक कामं इंटरनेटवरून नगावर करून घ्यायचं संकेतस्थळ. काम देणारा ते नामंजूर करू शकतो. मग पैसे द्यावे लागत नाहीत, पण केलेलं काम त्याच्या हातात पोहोचलेलं असतंच. यात ओढाताण कुठे आहे, ते मला खरंच दाखवून द्या.

तिसरा आक्षेप सगळ्यात चांगला, आणि त्याचं उत्तरही मार्क्सकडेच आहे. त्याच ग्रंथातल्या सहकार्यावरच्या प्रकरणात तो म्हणतो, की भांडवलदार शंभर जणांना सुट्या शंभर माणसांचे पैसे देतो. शंभर जण एकत्र आल्यानं जी ताकद तयार होते तिचे पैसे कुणालाच मिळत नाहीत. म्हणून ती ताकद भांडवलाचीच वाटते. तुम्हाला ती इंजिनिअरांची वाटते. इमेजनेट हा चित्रसंग्रह घ्या. संगणकाला चित्रं ओळखता यायला लागली त्यात त्याचा वाटा फार मोठा. त्यातल्या 1 कोटी 40 लाखांवर चित्रांची छाननी 167 देशांतल्या सुमारे 49 हजार माणसांनी याच मेकॅनिकल टर्कवर केली. त्यातल्या एकाचं काम वगळलं तर काही बिघडत नाही, हे खरं. सगळ्यांचं वगळून बघा. इंजिनिअरांचं श्रेय मी नाकारत नाही, पण ते एकट्यांचं नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, “मग काय, प्रत्येक लाईकचे पैसे मागायचे?” नाही. मी बहिणीसाठी मागतोय ते फार जुनं आहे. घरी बसून विडी वळणारीला 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं कामगार मानलं. नापास विड्यांवरून, त्यांच्या पैशांवरून वाद झाला तर तो सोडवायला अधिकारी नेमायची तरतूद त्यात केली. मावशीला निदान कागदावर तरी दाद मागायला जागा होती. बहिणीच्या पडद्यावर ‘नापास’च्या खाली एकच बटण आहे : पुढचं काम.