हिरडी मुकी, माणूस सुखी

ब्रश केल्यावर बेसिनमध्ये रक्त दिसत नाही ना? मग सिगारेट असो वा तंबाखू, खुशाल चालू ठेवा. ज्यांना व्यसन नाही त्यांच्या हिरड्या भारी आक्रस्ताळ्या. जरा काही बिघडलं की लाल होतात, सुजतात, रक्त काढून बोभाटा करतात. तुमच्या तशा उथळ नाहीत. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत दाताभोवतीचं हाड झिजत असलं तरी वर सगळं फिकट आणि शांत. थेट दात हलायला लागला की बातमी कळते. तोवरची वर्षं निवांत गेली, हा फायदा कुणी मोजतच नाही.

हलणारा दात काढून घ्या आणि खुर्चीवरून उतरल्या उतरल्या एक झुरका मारा. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरलेली असते, तिच्या आडोशाने जखम भरते. ओढण्याच्या जोराने ती निसटली की खालचं हाड उघडं पडतं आणि ठणका कानापर्यंत जातो. त्या जागी कृत्रिम दात रोवून घ्याल तर धूर ओढणाऱ्यांचे तेही जास्त फसतात.

तंबाखू चघळणाऱ्यांनी जागा मात्र बदलू नये. गालाचा तोच कोपरा, रोज. चुन्यामुळे निकोटिन झपाट्याने रक्तात उतरतं, आतलं अस्तर पोळतं ते वेगळं. (चुना नेमका कुणाला लागतोय, हा विचार मनात आणू नये.) धूर नाही म्हणून निर्धास्त राहा, बिनधुराच्या तंबाखूत कर्करोगकारक रसायनं सापडली आहेत ती किमान 28. पुढे त्या कोपऱ्यात पांढरा, खरखरीत चट्टा उमटतो. पुसून जात नाही, दुखतही नाही. न दुखणारी गोष्ट डॉक्टरला काय दाखवायची? मखमली लाल चट्टा तर त्याहून गुणी: कर्करोगाचा धोका पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि तक्रार बहुधा शून्य. तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर तिसऱ्या आठवड्यात दात टोचतो म्हणावं. चौथ्यात उष्णता.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: सोडणं. सोडली की हिरड्यांचा रक्तपुरवठा सुधारतो, आणि इतकी वर्षं मुक्या बसलेल्या त्या काही आठवड्यांत बोलू लागतात. ब्रश लाल, बेसिन लाल. पांढरा चट्टाही पुष्कळदा फिका पडतो, म्हणजे कमावलेली खूण गेली. तेव्हा रक्ताचा पहिला थेंब दिसताच, ‘बघा, सोडली आणि दुखणं मागे लागलं’ असं चारचौघांत सांगावं आणि पुडी उघडावी.