थंडीत डास मरत नाहीत, ड्रम घासणं थांबवू नका

‘थंडीत सर्व कीटक मरतात. फेब्रुवारीपर्यंत डेंग्यूची भीती नाही, साठवलेलं पाणी ओतू नका. धान्याला कीड लागली तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.’ हा मेसेज वाचून लालबागच्या चाळीत राहणाऱ्या माझ्या आत्याने पाण्याचा ड्रम घासणं बंद केलंय. घरात चार वर्षांची नात आहे. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सर्व कीटक मरतात? मग कॅनडात दर उन्हाळ्यात फुलपाखरं कुठून येतात? कित्येक कीटक शरीरात ग्लिसरॉल साठवतात, त्यामुळे आतलं पाणी सहजी गोठत नाही. काही तर गोठूनही जगतात. अंटार्क्टिकातल्या बेल्जिका माशीची अळी बर्फाखाली दोन हिवाळे काढते.

आणि मुंबईची थंडी ती केवढी! सांताक्रूझचा नीचांक आहे 7.4 अंश, तोही 22 जानेवारी 1962चा. एरवी पारा पंधरा-सोळाच्या खाली गेला की आपण स्वेटर शोधतो. तेवढ्याने डास संपत नाहीत. गारव्यात त्यांची वाढ मंदावते आणि पावसाळा सरल्यावर डेंग्यूचे रुग्ण घटतात, एवढं मात्र खरं.

पण खरा धोका अंड्यांचा आहे. डेंग्यू पसरवणारी एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ड्रमच्या भिंतीला अंडी चिकटवते. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र, सीडीसी, स्पष्ट सांगतं की ही अंडी कोरडी पडली तरी आठ महिन्यांपर्यंत टिकतात आणि तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत हिवाळाही काढतात. आता चाळीतला ड्रम बघा. दिवसभर वापरून पाणी खाली उतरतं, पहाटे नळ आला की पुन्हा काठोकाठ. म्हणजे सुकलेल्या अंड्यांना रोज पाणी मिळतं! अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

म्हणून नुसतं पाणी ओतूनही भागत नाही. आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून आतल्या भिंती ब्रशने खसाखसा घासायच्या, वर घट्ट झाकण. पाणी फुकट घालवायचं नसेल तर त्याच दिवशी लादी धुवा. कुंडीखालची ताटली आणि फ्रिजमागचा ट्रेही घासा.

धान्याचं म्हणाल, तर फ्रिजच्या गारव्यात एका रात्रीत सोंडे नुसते सुस्तावतात. मारायचे तर तांदूळ हवाबंद पिशवीत भरून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा.