तृण, काष्ठ, पाषाण वगैरे

काल वन बीएचकेचं खरेदीखत नोंदवून आले आणि डोकं अजून ठिकाणावर नाही. मसुद्यानुसार चौथ्या मजल्यावरची ही सदनिका मी ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह दरोबस्त’ विकत घेतली आहे. टायपिंगवाल्याला विचारलं, “हे निक्षेप काय प्रकरण आहे?”

“मॅडम, ते असतंच.”

मी तेवढ्यावर गप्प बसलेही असते. पण शेजारच्या बाकावर रेक्झिनची बॅग मांडीवर घेतलेले एक आजोबा होते. निवृत्त तलाठी. त्यांनी मान वळवली.

“बाई, मराठीच ना तुम्ही?”

टोकनच्या आकड्यांकडे बघत बसलेली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मराठीत एम. ए. केलंय, हे सांगायची आता सोय राहिली नव्हती.

“निधी म्हणजे पुरलेलं धन. निक्षेप म्हणजे विश्वासानं कुणाकडे सोपवलेली ठेव. उद्या खणताना हंडा लागला, तर तो तुमचा.”

“आजोबा, चौथा मजला आहे. खणलं तर तिसऱ्या मजल्यावरच्यांचा पंखा लागेल.”

आजोबांनी यावर गंभीरपणे विचार केला. बोटांवर काहीतरी मोजलं. “पंखा काष्ठात बसत नाही,” ते म्हणाले, “पण दरोबस्त म्हणजे सगळंच्या सगळं. त्यात बसवता येईल.”

घरी येऊन मुद्दाम बघितलं. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा सांगतो, की दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवा. आणि धन म्हणजे जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही दडलेलं. म्हणजे चौथा मजलाही सुटला नाही. निधी विकत घ्यायचा मी, आणि अर्ज करायचा कलेक्टरकडे!

शिवाजी महाराजांनी कारभारातले फारसी शब्द जाऊन संस्कृत यावेत म्हणून रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. कालच्या नोंदणी कार्यालयाच्या दारावरच पाटी होती ‘दुय्यम निबंधक’. दुय्यम फारसी, निबंधक संस्कृत. रिक्षावाल्याला ती पाटी वाचून दाखवली तर तो हलत नाही. ‘रजिस्ट्रारचं ऑफिस’ म्हटलं की मीटर टाकतो.

हसायला ठीक आहे हो. पण आयुष्यभराची पुंजी जिथे ओतायची, तो कागद कुठल्या तरी शेतजमिनीच्या दस्तावरून जसाच्या तसा उचललेला. वर नोंदणी फी ३०,००० रुपये. अर्थ विचारला की आपण अडाणी. माझ्यापुढे एक बाई नातवाला घेऊन आल्या होत्या, त्यांनी पानापानावर अंगठा दिला. त्यांना कोण सांगणार होतं निक्षेप म्हणजे काय? त्यांना तर कुणी ‘ते असतंच’ एवढंही म्हटलं नाही.

आणि ज्यावरून उद्या भांडणं होणार, ते कागदावर नाहीच. जल लिहिलंय, टँकरचे पैसे कोण देणार ते नाही. पाषाण आहे, बाथरूमची गळती नाही. मी टायपिंगवाल्याला म्हटलं, “तृण काढा आणि पार्किंगची एक ओळ घाला.”

“मॅडम, पार्किंग फॉरमॅटमध्ये नाही.”

“कशाला वाद घालता बाई,” आजोबा बॅगेची चेन लावत म्हणाले, “गाडी झाडाखालीच लावाल ना? तरूत धरा.”