हैतीचा भातशेतकरी 'अकार्यक्षम' म्हणून बुडाला का?

कॅरिबियन समुद्रातल्या हैती या देशाबद्दल एक युक्तिवाद सतत फिरत असतो: तिथला शेतकरी अकार्यक्षम होता, अमेरिकेचा तांदूळ स्वस्त होता, बाजाराने निवड केली आणि गरिबाचं पोट भरलं. यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा चुकीचा आहे.

"बाजाराने निवड केली." निवड सरकारी सहीने झाली. १९८०च्या दशकापर्यंत हैती तांदळात जवळपास स्वयंपूर्ण होता. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि अमेरिकेच्या दबावाखाली तांदळावरचं आयात शुल्क ३५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. आज तिथे शिजणारा बहुतांश तांदूळ बाहेरचा असतो.

"शेतकरी अकार्यक्षम होता." हैतीचं भाताचं आगर असलेल्या आर्तिबोनीतच्या खोऱ्यात तुकड्या-तुकड्यांची शेती, हाताने लावणी, सावकारी व्याज. पाटातला गाळ काढला नाही की शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही, हे कोकणातल्या भातकऱ्याला सांगायला नको. समोर अमेरिकेच्या अर्कान्सास राज्यातला शेतकरी: शेकडो एकर, यंत्रं, आणि भाव पडला की फरक भरून देणारं सरकार. ही स्पर्धा दोन शेतकऱ्यांमध्ये नव्हतीच, एका बाजूला अमेरिकेची तिजोरी होती. शुल्क घटलं तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष असलेले, मूळचे अर्कान्सासचे बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर हे धोरण चूक होतं असं कबूल केलं. फायदा झाला असेल तर आपल्या अर्कान्सासच्या शेतकऱ्यांचा, असंही म्हणाले. त्याच बेटावरच्या डॉमिनिकन रिपब्लिकने तांदळावर ९९ टक्के शुल्क ठेवलं आणि तो देश आपली गरज बहुतांशी स्वतः भागवतो.

"गरिबाला स्वस्त भात मिळाला." मिळाला, काही वर्षं, आणि शहरातल्या गरिबाला त्याचा आधारही होता. पण गावातला गरीब तांदूळ विकूनच जगत होता, त्याचं उत्पन्नच गेलं. मग २००८ मध्ये जगात भाव भडकले, भारत-व्हिएतनामने निर्यात रोखली, आणि हैतीत भुकेले लोक रस्त्यावर उतरले. पंतप्रधानांना पद सोडावं लागलं. आधार घ्यायला घरचं पुरेसं पीक उरलं नव्हतं.

आपल्याकडे हा युक्तिवाद आवडीने मांडणाऱ्यांनी एवढं पाहावं: भारत सडीक तांदळावर ७० टक्के आयात शुल्क लावतो. तेही ३ टक्क्यांवर आणा, असं त्यांच्यापैकी कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

शुल्क वाढवलं म्हणून उद्या हैतीचं पीक दुप्पट होणार नाही, आणि शहरातल्या भाताचा भाव एका झटक्यात चढवणंही क्रूर ठरेल. आधी पाट, वाजवी व्याजाचं कर्ज आणि सशस्त्र टोळ्यांपासून सुटका; शुल्क त्याबरोबर टप्प्याटप्प्याने. कुठवर, याचं मापही तयार आहे: कॅरिकॉम या कॅरिबियन देशांच्या गटाचा तांदळावरचा सामाईक आयात शुल्काचा दर २५ टक्के आहे, आणि हैती त्या गटाचा सदस्य आहे.