तेलाचा बंपर आणि वाढवलेलं एक शून्य

पोहे ताटात वाढलेले, तेवढ्यात भाच्याचा फोन. "मामा, अठरा हजार सांगतोय. बसवून घेऊ का?" कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही. आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरच्या भिशीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ या आठवड्यात चौथ्यांदा आलाय.

ज्यांच्याकडे अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी: दोन तेलाच्या सिलिंडरांवर बसवलेला बंपर, गाडी भिंतीवर आदळते, बंपर आत जाऊन परत बाहेर येतो, ओरखडासुद्धा नाही. वर लिहिलंय की वेग ताशी ८०. खाली मजकूर असा की हा बसवला की पट्टा आणि एअरबॅग यांची गरज नाही. शिवाय म्हणे अमेरिकेत १९७३ साली तो सक्तीचा होता, पण एअरबॅग खपाव्यात म्हणून कंपन्यांनी बंद पाडला. आणि हल्लीच्या गाड्यांचं तोंड मुद्दाम कच्चं ठेवतात.

माझी उमेदीची वर्षं पिथमपूरच्या कारखान्यात शॉकअप, म्हणजे गाडीचे धक्के गिळणारे तेलाचे सिलिंडर, तपासण्यात गेली, तेव्हा तेल आणि पिस्टन यांच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

आधी ते ८०. गाडी भिंतीकडे येताना चाकाच्या झाकणावरच्या पाच पाकळ्या स्वच्छ मोजता येतात. मी थांबवत थांबवत पाहिलं: सेकंदाला साधारण सव्वा फेरी. लहान गाडीच्या टायरचा परीघ १.८ मीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटर, म्हणजे ताशी ८ किलोमीटर. ८० ला तेच चाक सेकंदाला बारा फेऱ्या मारतं. पाकळ्या कुठल्या दिसायला! व्हिडिओ हळू केलाय म्हणावं, तर मागून किटलीवाला पोरगा आपल्या नेहमीच्या चालीने निघून जातो. कुणीतरी एक शून्य वाढवलं, बाकी काही नाही.

पण त्या शून्याने हिशेब दहापट वाढत नाही, शंभरपट वाढतो. आदळण्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. आणि गंमत अशी की तेलाचा विरोधही तसाच वाढतो. रंगपंचमीची पितळी पिचकारी आठवा. दांडा हळू दाबला की लांब धार जाते. त्याच दांड्यावर गुद्दा मारा: धार जेमतेम, दांडा जागच्या जागी, आणि हात कोपरापर्यंत झिणझिणतो. पाणी दाबून लहान होत नाही, तेलही जवळजवळ नाहीच. त्याला बाहेर पडायला भोक एकच, आणि घाईत ते भोक पुरत नाही. टेस्ट बेंचवर हेच रोज दिसायचं. तोच शॉकअप, तेच तेल, फक्त वेग वाढवला की ग्राफवरचा विरोधाचा लूप फुगत जायचा. बंपरचं भोक ताशी ८ ला बेतलेलं असेल, तर ८० ला विरोध शंभरपट. मग सिलिंडर फुटतो, नाहीतर दांडा वाकतो, नाहीतर धक्का जसाच्या तसा चासीत जातो. भोक मोठं केलं, तर ८ च्या धडकेत बंपर विरोध न करता सरळ आत, आणि व्हिडिओ फसला.

जाणकार म्हणतील, दाबानुसार उघडणारी झडप लावा. लावा. मग गाठ लांबीशी पडते. पट्टा लावलेल्या माणसाला थांबताना सोसेल असा जोर म्हणून गुरुत्वाच्या १५ पट धरू. ताशी ८० वरून तसं थांबायला जवळजवळ पावणेदोन मीटर लागतात. एवढा बंपर पुढे काढून रात्री सराफ्याच्या गर्दीच्या खाऊबाजाराकडे गाडी घालून दाखवा! व्हिडिओतला बंपर फार तर ७ सेंटीमीटर आत जातो. ८० ला नुसत्या तेवढ्यात थांबायचं म्हटलं तर आकडा गुरुत्वाच्या साडेतीनशे पटीवर जातो. झडप कितीही हुशार असली तरी सेंटीमीटर वाढवत नाही.

तेलाची ही युक्ती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तोफेचा माघारी धक्का तेलच गिळतं, विमान उतरताना चाकांवरचा भार तेलच पेलतं, लिफ्टच्या खड्ड्यात तेलाचे बफर असतात. पण तिथे वजन, वेग, दिशा सगळं आधीच ठाऊक असतं आणि सरकायला जागा राखलेली असते. ए. बी. रोडवर समोर गाय येते, नाहीतर उभ्या ट्रकचा मागचा कोपरा. धडक जरा तिरकी बसली की सिलिंडरचा दांडा सरळ सरकायच्या ऐवजी वाकतो, संपला विषय.

आता १९७३. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच फसवतं. अमेरिकेत त्या सालच्या गाड्यांना नियम लागू झाला, पुढच्या बंपरसाठी वेग होता ताशी ५ मैल, म्हणजे पुन्हा तेच ८ किलोमीटर. कसोटी ही की दिवे, इंधनाची व्यवस्था, बॉनेटची कडी शाबूत राहावी. बऱ्याच गाड्यांनी त्यासाठी तेलाचे सिलिंडर लावले. त्याच सुमारास तिथल्या काही टॅक्सींना पाण्याने भरलेले बंपरही होते, धडक बसली की बुचं उडून पाण्याचे फवारे. १९८२ मध्ये सरकारने ती मर्यादा अडीच मैलांवर आणली. कंपन्यांना ते हवंच होतं, मान्य. पण तो वाद दुरुस्तीच्या बिलाचा आणि बंपरच्या वजनाचा होता. पट्ट्याची जागा घ्यायला तो बंपर कधी आलाच नव्हता.

"कच्चं तोंड" हे तर उलटंच वाचलंय. तेलाला जी लांबी मिळत नाही ती बॉनेटखालचा पत्रा घड्या पडत देतो, आणि माणसं बसतात तो भाग मजबूत ठेवतात. बेला बारेनी या अभियंत्याने मर्सिडीजसाठी हे १९५१ च्या पेटंट अर्जात मांडलं, १९५९ मध्ये तशी गाडी विकायला आली. त्याच साली व्होल्वोच्या निल्स बोहलिनचा तीन टोकांचा पट्टा आला. जोडी आहे ती. गाडी थांबते, आतला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात असतो; त्याला बंपर धरत नाही.

एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगायची असते, तिचा सेन्सर कंपनीच्या तोंडाच्या चेपण्यावर बेतलेला. पुढे परका सांगाडा जोडला की ते गणित बिघडू शकतं. आणि बंपरपुढे लावतात त्या लोखंडी गार्डवर तर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. पायी चालणाऱ्याच्या मांडीला ते काय करतं हे वेगळं सांगायला नको.

भाच्याला म्हटलं, अठरा हजार राहू दे, गाडी घेऊन शनिवारी ये. मागच्या वेळी मी त्याच्या मागच्या सीटवर बसलो होतो, पट्टा ओढला तर बकलच सापडेना. नवीन सीट कव्हर घालताना दोन्ही बकलं खाली दाबून टाकलीयत. कात्री आणि दाभण मी काढून ठेवलंय.