इनुइट घरातले फोटो आणि पीटर पित्सिओलाक

आर्क्टिकमधल्या घरांचे फोटो काढणाऱ्या बाहेरच्या फोटोग्राफर्सवरचा लेख आवडला, पण पीटर पित्सिओलाकचं नाव यायलाच हवं होतं. कॅनडातल्या बॅफिन बेटालगतचं केप डॉर्सेट, आता किन्गाइत म्हणतात, तिथला हा इनुइट, म्हणजे आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांपैकी एक, 1940च्या दशकात त्याला स्वतःचा कॅमेरा मिळाला आणि गडी आपल्याच माणसांचे, घरच्यांचे फोटो काढत सुटला. डार्करूम कुठली असणार तिकडे, इग्लूमध्येच टॉर्चला लाल कापड गुंडाळून फिल्म डेव्हलप करायची, मदतीला बायको अगिओक, आणि तीही फोटो काढायची बरं का! जुन्या गॉगलच्या काचेचा फिल्टर बनवला होता पठ्ठ्याने. बाहेरच्याला आधी बर्फ आणि अस्वलं दिसतात हो, स्वयंपाकघरात जमिनीवर पुठ्ठा अंथरून सगळं घर सील हा समुद्री प्राणी कापून खायला बसलंय, पोरं मधेच लुडबुडतायत, हे टिपायला त्या घरात रोजचं येणंजाणं लागतं. आणि कुणी खरंच जाणार असाल तर थंडीतून गरम घरात शिरायच्या आधीच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि तासभर तरी उघडू नका, नाहीतर लेन्सवर पाणी धरतं, कधीकधी आतसुद्धा.