अनुभवाचं पत्र म्हणे 'बनवून' घ्या!

परवा रात्री साडेअकराला धाकट्या भावाचा मेसेज. "ताई, हे खरं आहे का गं?" खाली तोच फॉरवर्ड, जो महिनाभरात मला चौघांनी पाठवलाय. पदवी आता कुणी बघत नाही, मोठ्या कंपन्यांनी अटच काढलीय. अडचण फक्त फ्रीलान्सिंगची. तेव्हा ती वर्षं लपवा, ओळखीच्या फर्मकडून अनुभवाचं पत्र बनवून घ्या, रोज पन्नास अर्ज टाका, तीन महिन्यांत पक्की नोकरी.

भाऊ नऊ वर्षं व्हिडिओ एडिटिंग करतोय, पदवी अर्धवट सुटलेली. पत्र देणारा माणूसही त्याने शोधून ठेवला होता! मी भरतीचंच काम करते, त्यामुळे डोकं फिरलं.

आधी पदवीचं. अट निघाली हे अर्धं खरं. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या भरतीचा अहवाल काढला. अट काढल्यामुळे पदवी नसलेल्याला जागा मिळाली, असं दर ७०० भरत्यांमागे एकदासुद्धा घडलं नव्हतं. अट काढणाऱ्या कंपन्यांपैकी ४५ टक्क्यांनी जाहिरातीतले शब्द तेवढे बदलले, माणसं पूर्वीसारखीच घेतली. ३७ टक्के मात्र खरोखर बदलल्या. म्हणून जाहिरातीवर जाऊ नका, त्या जागेवर आधीपासून पदवी नसलेलं कुणी आहे का ते बघा.

आता ते पत्र. पडताळणी करणारे नुसत्या पत्रावर थांबत नाहीत. फर्मला फोन करतात, सॅलरी स्लिप मागतात, खात्यात पगार जमा झाल्याच्या नोंदी मागतात. नऊ वर्षं नोकरी केली आणि स्लिप एकही नाही? शिवाय पडताळणी बऱ्याचदा रुजू झाल्यावर पुरी होते. आमच्याकडे एक मुलगी अशीच आली होती. सहाव्या आठवड्यात लॅपटॉप जमा करून गेली. काम उत्तम होतं तिचं, त्या पत्राची गरजच नव्हती. लोकांना हा सल्ला वाटणाऱ्यांना तिच्यासमोर बसवायला हवं.

फ्रीलान्सरला घेताना आम्ही कचरतो, हेही कबूल करते. टिकेल का? वरिष्ठाने तिसऱ्यांदा बदल सांगितला तर ऐकेल का? पण याला उत्तर त्या 'लपवायच्या' वर्षांतच असतं. भावाच्या बायोडेटात नऊ वर्षांची एकच ओळ होती: 'विविध क्लायंटसाठी एडिटिंग'. खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्यातल्या एका क्लायंटला त्याने सलग चार वर्षं दर आठवड्याला दोन व्हिडिओ दिलेत. एकदाही तारीख चुकवली नाही. अरे बाबा, मग हे लिही ना! क्लायंटचं नाव (त्याला विचारून), कालावधी, काम किती, आणि खात्री करायला कुणाला फोन करायचा ते. मागितलं तर दाखवायला बिलं आणि कराची विवरणपत्रं आहेतच.

रोज पन्नास अर्ज? त्यातल्या पाच जाहिराती तरी धड वाचून होतील का? त्यापेक्षा ज्यांनी तुमचं काम पाहिलंय त्या जुन्या क्लायंटना विचारा, तुमच्याकडे कायमची जागा निघतेय का म्हणून. तीन महिन्यांचा आकडा कुठून आला, देव जाणे.

पत्रवाल्याला भावाने नाही म्हणून कळवलंय. २०१९ ची बिलं सापडत नाहीयेत, म्हणून सकाळपासून त्या क्लायंटला मेल लिहीत बसलाय.